रानातला पाला, कपातला चहा

नमस्कार मंडळी. आज आपण बोलणार आहोत रानात, ओढ्याकाठी, पडीक जमिनीवर आपोआप उगवणाऱ्या झाडपाल्याबद्दल, त्याचा चहा कसा करायचा आणि घरगुती औषध म्हणून त्याचा खरंच कितपत उपयोग होतो याबद्दल. विषय माझ्या अगदी जिव्हाळ्याचा, त्यामुळे थोडं इकडेतिकडे भरकटले तर सांभाळून घ्या.

सगळ्यात आधी एकच सांगते. दहा झाडं अर्धवट ओळखण्यापेक्षा एक झाड पूर्ण ओळखा. पूर्ण म्हणजे वर्षभर. कोवळं असताना ते कसं दिसतं, फुलावर आल्यावर कसं, बी धरल्यावर कसं आणि वाळून नुसती काडी उरते तेव्हा कसं. कारण माणसं फसतात ती बहुतेक वेळा फूल नसताना, नुसत्या पानांवर. फॉक्सग्लोव्ह नावाचं झाड आहे, त्याला घंटेसारखी जांभळी फुलं येतात, ती बघितली की कुणीही ओळखेल. पण हे झाड पहिल्या वर्षी फुलतच नाही, नुसता पानांचा गोल गुच्छ जमिनीलगत बसलेला असतो आणि तो कॉम्फ्री नावाच्या दुसऱ्या एका औषधी झाडाच्या पानांसारखा दिसतो, तशीच मोठी, लवदार पानं. कॉम्फ्री समजून फॉक्सग्लोव्हचा चहा प्यायलेली माणसं दगावली आहेत, कारण त्यातली द्रव्यं थेट हृदयाच्या ठोक्यांवर काम करतात. आणि खरं तर कॉम्फ्रीसुद्धा पोटात घेऊ नये, तिच्यातल्या अल्कलॉइड्समुळे लिव्हर खराब होतं, हे आता पक्कं माहीत आहे, पण जुन्या पुस्तकांतून तिचा चहा अजून सांगितलेला सापडतो.

याच फॉक्सग्लोव्हची दुसरी बाजू पण ऐका. इंग्लंडमध्ये विल्यम विदरिंग नावाचा डॉक्टर होता, वनस्पतींचा पण चांगला जाणकार. अंगावर पाणी चढून सूज येते त्यावर एका बाईचा घराण्यातला गुप्त नुस्खा होता, वीसेक वनस्पतींचा, तो त्याच्यापर्यंत आला आणि त्याने ओळखलं की यात खरं काम करणारी वनस्पती एकच, फॉक्सग्लोव्ह. पुढे वर्षानुवर्षं रुग्णांवर डोस थोडा थोडा बदलत त्याने नोंदी ठेवल्या आणि 1785 मध्ये शंभराहून जास्त रुग्णांच्या हकिगतींचं पुस्तक काढलं. त्यातूनच पुढे डिजिटॅलिस हे हृदयविकारावरचं औषध रुजलं. म्हणजे पान तेच, औषध पण तेच आणि विष पण तेच, फरक फक्त मात्रेचा. म्हणून मला ते 'झाडपाल्याचं आहे हो, त्याने काय अपाय होणार' हे वाक्य अजिबात पटत नाही. ज्याचा गुण येतो त्याचा अपायही होऊ शकतो, आणि ज्याचा अपाय होऊच शकत नाही त्याचा गुण तरी कशाला येईल?

आता घाबरवून झालं, सुरुवात कुठून करायची ते बघू. नेटलपासून करा. हात लावला की चटका बसतो, आग होते, त्यामुळे ओळखायला चूक होणं कठीण. पानाखाली आणि देठावर बारीक पोकळ केस असतात, धक्का लागला की त्यांची टोकं तुटतात आणि इंजेक्शनच्या सुईसारखी आत टोचून हिस्टामिन वगैरे सोडतात, म्हणून ती आग. हातमोजे घाला, शेंड्याची चार-सहा कोवळी पानं तेवढी कात्रीने कापा, आणि फुलं यायच्या आधीच कापा, फुलं आल्यावरची जून पानं घ्यायची नाहीत, त्यांच्यात खडे धरतात, लघवीच्या मार्गाला त्रास होऊ शकतो. उकळत्या पाण्यात टाकलं की चटका गेला, वाळवलं तरी जातो. चव कशी म्हणाल तर हिरवी, थोडी पालेभाजीच्या पाण्यासारखी, काहींना पहिल्या घोटाला आवडत नाही, पुदिन्याची दोन पानं टाकली की बरी लागते.

दुसरं डँडेलियन. पिवळं फूल, पोकळ दांडा, त्याला ना फांदी ना पान, दांड्यावर एकच फूल आणि मोडला की पांढरा चीक. या सगळ्या खुणा जुळल्या पाहिजेत, एकही कमी असून चालत नाही. पानांचा चहा कडसर होतो आणि लघवी सुटते, त्यामुळे रात्री झोपताना नको. मुळं उकरून, धुऊन, बारीक चिरून तव्यावर काळपट भाजली की कॉफीसारखं पेय होतं, कॅफीन नसलेलं, आणि ते मला स्वतःला पानांच्या चहापेक्षा जास्त आवडतं.

मग रानगुलाबाची बोंडं, रोझहिप. याच्यात व्हिटॅमिन सी भरपूर. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये बाहेरून संत्री-लिंबं येणं जवळजवळ थांबलं होतं, तेव्हा 1941 पासून शाळेतली मुलं, बायका रानोमाळ फिरून ही बोंडं गोळा करायच्या आणि त्याचं सिरप करून लहान मुलांना दिलं जायचं. पण बोंड उभं कापून बघा, आत बियांभोवती बारीक, ताठ केस दिसतील, बोटाला लागले तरी खाज सुटते, घशात गेले तर विचारू नका. म्हणून चहाच्या साध्या गाळणीवर भागवू नका, दुहेरी सुती फडक्यातून गाळा आणि फडकं पिळू नका, आपोआप ठिबकू द्या, पिळलं की केस खाली उतरतात.

पाइनच्या सुयांचा चहा पण लोक आवडीने करतात, त्याचा वास खरंच सुंदर असतो. 1535-36 च्या हिवाळ्यात फ्रेंच दर्यावर्दी जाक कार्तिए आणि त्याची माणसं आजच्या क्वेबेकजवळ बर्फात अडकली, व्हिटॅमिन सी न मिळाल्याने होणाऱ्या स्कर्व्ही या रोगाने एकामागून एक मरायला लागली, तेव्हा तिथल्या मूळ रहिवाशांनी एका सदाहरित झाडाची साल आणि पानं उकळून प्यायला शिकवलं आणि उरलेले वाचले. झाडाची ओळख त्या लोकांची होती, पिढ्यान्‌पिढ्यांची, म्हणून जीव वाचले हे विसरायचं नाही. कारण त्याच सदाहरित झाडांत यू नावाचं एक झाड आहे आणि ते जबरदस्त विषारी. पाइनच्या सुया दोन, तीन किंवा पाच अशा जुडीने येतात आणि जुडीच्या बुडाशी बहुतेकदा कागदासारखं पातळ वेष्टन असतं. यूची पानं सुटी, चपटी, फांदीच्या दोन्ही बाजूंना ओळीने लागलेली. एक सुई ओढून बघा, सोबत भावंडं आली आणि बुडाशी ते वेष्टन दिसलं तर पाइन. आणि गरोदर बायकांनी पाइनचा चहा घेऊ नये, काही जातींच्या सुया खाऊन गाई गाभडतात हे नीट तपासलेलं आहे.

गाजराच्या कुळातल्या झाडांना मात्र नवशिक्यांनी हातच लावू नका असं माझं स्पष्ट मत आहे. छत्रीसारखी पांढरी फुलं, कातरलेली पानं, सगळी एकमेकांची जुळी. त्यातलंच एक हेमलॉक, इसवी सनपूर्व 399 मध्ये सॉक्रेटिसला ज्याचा पेला दिला ते. रानगाजराचा दांडा केसाळ असतो आणि हेमलॉकचा गुळगुळीत, त्यावर जांभळे डाग, हे मला माहीत आहे, तरी मी त्या कुळातलं काही चहाला घेत नाही.

काही जण म्हणतात की वासावरून कळतं. कळतं, पण एका मर्यादेपर्यंतच. रानलसणीची पानं आणि लिली ऑफ द व्हॅलीची विषारी पानं बरीचशी सारखी दिसतात, आणि पान चुरगळून लसणाचा वास आला की खात्री, असं सांगितलं जातं. पण पाच-दहा पानं खुडून झाली की तुमच्या बोटांनाच लसणाचा वास लागलेला असतो, मग पुढचं कुठलंही पान चुरगळलं तरी लसूणच येणार. आणि प्राणी-पक्षी खातात म्हणजे आपल्याला चालेल हे तर साफ चूक, यूची लाल फळं पक्षी मजेत खातात, बेलाडोना या विषारी झाडाची पानं काही ससे पचवतात, आपण नाही पचवू शकत.

आता चहा करायची रीत. पानं-फुलं असतील तर फांट करायचा, म्हणजे उकळी आलेलं पाणी त्यावर ओतायचं आणि झाकण ठेवायचं, दहा मिनिटं. एका कपाला वाळलेला पाला एक चमचा, ताजा असेल तर दोन-तीन. झाकण विसरू नका, पुदिना, कॅमोमाइल (शेवंतीच्या कुळातलं फूल), रानटी थाइम यांचा जीव त्यांच्या सुगंधी तेलात आहे आणि ते वाफेबरोबर उडून जातं, झाकणाखाली जे थेंब जमतात ते सुद्धा कपात झटकून घ्या. थाइमला ओव्यासारखा वास येतो बघा, कारण दोन्हीत थायमॉल आहे, खोकल्यात तो चहा बरा वाटतो. साल आणि मुळं असतील तर मात्र काढाच, मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं, नुसतं पाणी ओतून त्यातलं काही उतरत नाही.

कुठे उष्णता द्यायची आणि कुठे नाही यावर किती अवलंबून असतं याचं मला सगळ्यात भावणारं उदाहरण चीनमधलं आहे. मलेरियावर औषध शोधताना तू यूयू या संशोधक बाईंना आर्टेमिसिया या वनस्पतीच्या अर्कात कधी गुण दिसायचा, कधी नाही. मग चौथ्या शतकातल्या गे हाँग या वैद्याच्या ग्रंथात त्यांना सापडलं की मूठभर पाला पाण्यात भिजत घालून, पिळून, तो रस प्यायचा. उकळायचं नाही. त्यावरून त्यांना सुचलं की उष्णतेने औषध नष्ट होत असावं, त्यांनी कमी तापमानाला इथर वापरून अर्क काढला, तो लागू पडला आणि 2015 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण म्हणून घरी आर्टेमिसियाचा चहा करून मलेरिया बरा करायला जाऊ नका, जागतिक आरोग्य संघटना त्याला स्पष्ट नाही म्हणते, कारण कपात औषध किती उतरलं ते कुणालाच सांगता येत नाही, आणि अपुऱ्या डोसाने रोग बरा होत नाही, उलट जंतू सरावतात.

वाळवणीकडे लोक फार दुर्लक्ष करतात आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण चांगला पाला तिथेच वाया जातो. सकाळी दव उडाल्यावर खुडा, ओला पाला घरी आणू नका, सावलीत, हवेशीर जागी एकावर एक न रचता पसरा आणि पान चुरल्यावर कुरकुरीत मोडलं की मगच बरणीत भरा. दमट राहिला की बुरशी धरते. स्वीट क्लोव्हर हा साधा, गोड वासाचा चारा, पण 1920 च्या दशकात उत्तर अमेरिकेत तोच बुरशी लागलेला चारा खाऊन गुरं रक्तस्राव होऊन मेली, कारण बुरशीमुळे त्यात रक्त पातळ करणारं द्रव्य तयार झालं होतं. पुढे त्यावरच काम होऊन वॉर्फरिन आलं, आधी उंदरांचं विष म्हणून आणि मग माणसांचं औषध म्हणून. तेव्हा बरणीतल्या पाल्याला जरा जरी कुबट वास आला तरी सगळा फेकून द्या, निवडत बसू नका.

पोटात न घेता बाहेरून लावायचं सोपं औषध हवं असेल तर प्लँटेनचं पान, केळ्याचा प्रकार नव्हे, इसबगोलाच्या कुळातलं, पायवाटेवर उगवणारं. त्याच्या शिरा देठापासून टोकापर्यंत समांतर धावतात आणि पान हळूच तोडलं तर शिरा दोऱ्यासारख्या लोंबतात. कीटक चावला की ते चोळून, ठेचून त्याचा लेप लावायचा, आग कमी झाल्यासारखी वाटते. जखमेवर मात्र रानातलं न धुतलेलं काही लावू नका. आणि विकतच्या वाळलेल्या पाल्यालाही डोळे झाकून भुलू नका, 1997 मध्ये अमेरिकेत प्लँटेन म्हणून आलेल्या मालात फॉक्सग्लोव्हचीच एक जात मिसळलेली निघाली होती.

कुठून खुडायचं? रस्त्याच्या कडेचं नको, फवारणीच्या शेताजवळचं नको, जुन्या कारखान्यांच्या, खाणींच्या आवारातलं नको, झाडं जमिनीतले जड धातू ओढून घेतात. जागा कुणाची आहे ते विचारून जा. आणि एका जागी एकच रोप दिसलं तर ते तसंच राहू द्या. मुळं काढणं म्हणजे झाडच संपवणं, अमेरिकन जिनसेंग रानातून असंच उपटून उपटून इतकं कमी झालं की त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंधनं आणावी लागली.

ज्यांची रोजची औषधं चालू आहेत त्यांनी आधी डॉक्टरांना विचारा, कुठल्या झाडाचा चहा घेताय ते नाव घेऊन सांगा. सेंट जॉन्स वर्ट हे मन उदास असेल तर घेतात, पण त्याने लिव्हर इतर औषधांचा निचरा भराभर करायला लागतं, मग गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या यांचा असर कमी होतो. शेवंतीच्या कुळाची ॲलर्जी असणाऱ्यांना कॅमोमाइलची रिॲक्शन येऊ शकते. वर्षाच्या आतल्या बाळाला मध घातलेलं काहीही देऊ नका. नवीन पाला पहिल्यांदा पिताना एकाच जातीचा करा, अर्धा कप घ्या आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा, चार पाले एकत्र केले आणि त्रास झाला तर कशाने झाला ते कळणारच नाही.

आणि खुडताना प्रत्येक वेळी एक अख्खी डहाळी, पानं, देठ, असेल तर फूल, वेगळी काढून तारीख-जागा लिहिलेल्या कागदात ठेवा. प्यायल्यावर उलट्या, चक्कर, छातीत धडधड असं काही वाटलं तर घरी उतारा करत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा आणि ती डहाळी सोबत न्या, डॉक्टरांचा वेळ वाचतो. नमस्कार.