फोनवरून पिरगळलेला हात

[दृश्य: कृष्णधवल छायाचित्र. दोन माणसं, नाकाला नाक लागेल इतकी जवळ.]

डिसेंबर १९६३, व्हाइट हाउस. छायाचित्रकार योइची ओकामोतो. समोरच्याच्या अंगावर वाकलेले हे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन, आणि ज्यांच्यावर ते वाकलेत ते जॉर्जियाचे सिनेटर रिचर्ड रसेल. जॉन्सन यांच्या या पद्धतीला वॉशिंग्टनमध्ये नावच पडलं होतं, ‘जॉन्सन ट्रीटमेंट’. खांद्यावर हात, चेहऱ्याजवळ चेहरा. समोरचा मागे सरकला की हे पुढे.

इंग्रजीत अशा मन वळवण्याला ‘आर्म ट्विस्टिंग’ म्हणतात. हात पिरगळणं. प्रत्यक्षात हाताला कुणी हातही लावत नाही. जेवायला बोलावलेला पाहुणा दुसऱ्यांदा गोड वाढताना हसत ‘ट्विस्ट माय आर्म’ म्हणतो. आपल्याकडे पंगतीत ‘आता एवढा आग्रह करताय तर वाढा’ म्हणतात, तेच हे. पण हाच शब्द संसदेतल्या मतांबद्दल, कंपन्यांच्या करारांबद्दल आला की त्यातलं हसू जातं. तिथे नाक दाबून तोंड उघडायला लावलेलं असतं.

[ध्वनी: जुन्या फोनची घंटी.]

जॉन्सन आपले फोन ध्वनिमुद्रित करून ठेवत. त्या फिती आज टेक्सासमध्ये ऑस्टिनच्या जॉन्सन ग्रंथालयात आहेत. हात कसा पिरगळला जातो हे ऐकायचं असेल, तर २९ नोव्हेंबर १९६३च्या रात्रीचा फोन ऐकावा.

आधीचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची हत्या होऊन आठवडा झालेला. चौकशीसाठी आयोग नेमायचा होता आणि त्यावर जॉन्सनना रसेल हवे होते. मला यातून वगळा, असं रसेल यांनी त्या दिवशी आधीच सांगून ठेवलं होतं. आयोगाचे अध्यक्ष होणार होते सरन्यायाधीश अर्ल वॉरन. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा १९५४चा निकाल वॉरन यांच्या न्यायालयाचा, आणि रसेल तर वर्णभेद टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेकडच्या सिनेटरांचे म्होरके. तो माणूस मला आवडत नाही, त्याच्याबरोबर मी बसू शकत नाही, असं ते फोनवर स्पष्ट सांगतात.

जॉन्सन वाद घालत नाहीत. ते एवढंच सांगतात, की तुमचं नाव जाहीर झालंय.

आधी घोषणा, मग विनंती. फोनवर रसेल यांचा आवाज चढतो, खचतो. ते तब्येत पुढे करतात, वेळ नाही म्हणतात. जॉन्सन प्रत्येक सबब बाजूला सारतात आणि पुन्हा पुन्हा दोनच गोष्टींवर येतात, देश आणि आपली मैत्री. मैत्री खोटी नव्हती. रसेल अविवाहित होते. जॉन्सनच्या घरी त्यांचं जेवण ठरलेलं असे, जॉन्सनच्या मुली त्यांना ‘अंकल डिक’ म्हणत. सिनेटमध्ये जॉन्सनना नेतेपदापर्यंत नेलं तेही रसेल यांनीच. म्हणून तर नेमकं कुठे धरायचं हे जॉन्सनना ठाऊक होतं. परक्याला हे जमलं नसतं.

वॉरन यांचंही असंच झालं. आधी त्यांनी नकार दिला होता. जॉन्सन यांनी त्यांना बोलावून घेतलं. अफवा आवरल्या नाहीत तर अणुयुद्ध पेटेल, कोट्यवधी माणसं मरतील, असं सांगितलं आणि पहिल्या महायुद्धात वॉरन यांनी घातलेल्या गणवेशाची आठवण काढली. सैनिकाला देश बोलावतोय म्हटल्यावर वॉरन यांना नाही म्हणता येईना.

[दृश्य: अमेरिकेच्या संसद भवनाचा, कॅपिटॉलचा घुमट. १० जून १९६४.]

पण हाच रसेल वर्णभेद संपवू पाहणाऱ्या नागरी हक्कांच्या विधेयकावर तसूभर हलला नाही. तिथे जॉन्सन यांची मैत्री, दटावणी, सगळं थिटं पडलं. दक्षिणेकडच्या सिनेटरांनी भाषणं लांबवत साठ कामकाजी दिवस खाल्ले. जॉन्सन यांनी मग दुसरी वाट धरली. विरोधी पक्षाचे नेते एव्हरेट डर्कसन यांना पुढे करा, श्रेय त्यांना घेऊ द्या, असा निरोप त्यांनी आपल्या माणसांना दिला. चर्चा थांबवायला ६७ मतं लागत होती, ७१ मिळाली. मेंदूच्या गाठीमुळे वाचा गेलेले कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल चाकाच्या खुर्चीतून आले आणि त्यांनी बोटाने स्वतःचा डोळा दाखवला. इंग्रजीत डोळा म्हणजे ‘आय’, आणि सभागृहात ‘आय’ म्हणजे होकार. त्या मताला कुणाच्या रेट्याची गरज नव्हती, आणि म्हणूनच ते मला या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत मोठं मत वाटतं.

[ध्वनी: पुन्हा फोन. १८ सप्टेंबर १९६४.]

आयोगाचं काम संपत आलंय. रसेल जॉन्सनना सांगतात, की केनेडींना लागलेलीच एक गोळी पुढे त्याच गाडीत बसलेले टेक्सासचे गव्हर्नर कॉनली यांनाही लागली, असं बाकीचे मानतात. माझा त्यावर विश्वास नाही. पलीकडून जॉन्सन म्हणतात, माझाही नाही.

सहा दिवसांनी अहवाल राष्ट्राध्यक्षांच्या हाती पडला. त्यावर सातही सदस्यांच्या सह्या आहेत. रसेल यांचीही.