राणीछाप रुपया घासू नका

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळी जवळ आली की मुंबईतल्या कितीतरी घरांत कपाटाच्या खणातून एक पुरचुंडी बाहेर निघते. लक्ष्मीपूजनाचे राणीछाप रुपये, म्हणजे व्हिक्टोरिया राणीची छबी असलेले चांदीचे जुने रुपये! काळे पडलेले दिसले की कुणीतरी म्हणतंच, "अगं, जरा चिंच लाव, नाहीतर रांगोळीनं घास, बघ कसे लख्ख होतात." होतात, अगदी लख्ख होतात. पण ते घासू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

हा काळेपणा म्हणजे मळ नव्हे. हवेतल्या गंधकाच्या वायूंची चांदीशी गाठ पडली की तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा थर धरतो. आपल्याकडे नाले, खाड्या, वाहनांचा धूर आणि वर चार महिने ओल. चांदीला आणखी काय हवं! थर अगदी पातळ असतो तेव्हा पिवळसर, मग तांबूस-जांभळी, मग निळी झाक येते. शेवटी काळा. नाणेसंग्राहक याला टोनिंग म्हणतात. गंमत अशी की या थरात नाण्याचीच चांदी असते. म्हणजे थर खरवडला की तेवढी चांदीही गेली.

घासलेला रुपया भिंगाखाली, दिव्याच्या उजेडात तिरपा धरून बघा. राणीच्या गालावर केसासारख्या बारीक रेघांचं जाळं दिसेल. मुकुटाची टोकं बोथट झालेली असतात. उठावाच्या जागा पांढऱ्याफटक, आणि अक्षरांच्या कोपऱ्यांत मात्र काळं तसंच. टांकसाळीत ठसा आदळताना धातू कडेकडे सरकतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेषा उमटतात. नाणं हातात फिरवलं की जी झळाळी गोल फिरते ती या रेषांची. ती एकदा गेली की कुठलाही सराफ परत आणू शकत नाही.

आता यातली एक खास मुंबईची गोष्ट. 1862 साल असलेला रुपया बऱ्याच घरांत सापडतो. तो फक्त 1862 मध्ये पाडला गेला असं समजू नका. तेच साल कायम ठेवून 1874 पर्यंत रुपये निघत राहिले. फोर्टातल्या आपल्या टांकसाळीनं मग खऱ्या वर्षाची खूण म्हणून बारीक टिंबं घातली. संग्राहक आज ती टिंबं मोजून वर्ष ठरवतात. रांगोळी पहिल्यांदा कशावर चालते? अशाच बारीक उठावावर. साडेअकरा ग्रॅमहून थोडी जास्त वजनाची, जवळजवळ 92 टक्के चांदी हातात राहते, पण तिची ओळख पुसट होते.

"आम्ही घासत नाही, नुसतं द्रावणात बुडवतो," असंही काही जण सांगतात. बाजारातल्या सिल्व्हर डिपमध्ये, म्हणजे चांदी उजळवायच्या द्रावणात, सहसा थायोयुरिया आणि आम्ल असतं. सल्फाइड विरघळतं, त्याबरोबर वरची झळाळीही फिकी पडते. दोन-तीन वेळा बुडवलेलं नाणं ॲल्युमिनियमच्या झाकणासारखं मेलेलं दिसतं. नाण्यांची प्रतवारी करणाऱ्या अमेरिकेतल्या पीसीजीएस किंवा एनजीसी या कंपन्यांकडे पाठवलंत तर घासलेलं नाणं ओळखलं जातं, आणि प्रतीचा नेहमीचा आकडा न देता 'साफ केलेलं' असा शेरा मारून ते परत येतं.

अर्थात काळं ते सगळं सोनं, असंही मी म्हणणार नाही. फार जाड थर खालचा पृष्ठभाग खातोच. आणि विक्रेत्याकडे इंद्रधनुष्यासारखा रंगीत रुपया दिसला तर जपून. उष्णता किंवा गंधकाची रसायनं देऊन असे रंग चढवले जातात.

मग हात लावायचाच नाही का? दोन बाबतींत लावावा. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात वर्षानुवर्षं राहिलेल्या नाण्यावर चिकट हिरवट थर येतो. तो पीव्हीसीचा प्रताप. काचेच्या वाटीत शुद्ध ॲसिटोन घेऊन नाणं त्यात ठेवा. खिडकी उघडी, गॅस बंद. नंतर पुसायचं नाही, नुसतं वाळू द्यायचं. दुसरी बाब तांब्याची. शिवराईवरचा, म्हणजे शिवकालापासूनच्या तांब्याच्या नाण्यावरचा, घट्ट, एकसारखा तपकिरी किंवा हिरवा थर असू द्या. पण फिकट हिरवी, भुकटीसारखी पूड सुटत असेल तर ती क्लोराइडची लागण आहे, दमट हवेत ती पसरते. ते नाणं वेगळं, कोरड्या जागी ठेवा आणि जाणकार संवर्धकाला दाखवा. आपल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असं संवर्धनाचं काम चालतं.

बाकी सांभाळणं सोपं आहे. नाण्यांना रबरबँड लावू नका, वर्तमानपत्रात गुंडाळू नका. दोन्हींतून गंधक सुटतं. नाणं कडेनं धरा. डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि पावसाळ्यात ती बदलत राहा.

पूजेचं म्हणाल, तर जुना रुपया कोरड्या ताटलीत तांदळावर ठेवा आणि हळदीकुंकू शेजारी वाहा. दूध-पाण्याचा अभिषेक हवाच असेल तर सराफाकडून लक्ष्मीची छाप असलेलं नवं नाणं आणा. ते दरवर्षी खुशाल घासा.

नमस्कार.