भीड कशानं चेपली?

(माथेरान. कठड्यावर माकड.)

मघाशी ते नुसतं बघत बसलं होतं. मग कुणीतरी मक्याचे चार दाणे टाकले. मग अर्धं कणीस. आता बघा, टाकायची वाटच बघत नाही, थेट हातातली पिशवी! (आमच्या लेन्सचं झाकणही गेलं, ते सोडा.)

हे माकड इंग्रजीत नुसतं ‘बोल्ड’ नाही. ते ‘एम्बोल्डन्ड’ (emboldened) आहे. बोल्ड हा स्वभाव झाला. एम्बोल्डन्ड म्हणजे कशामुळे तरी धीट झालेला. म्हणून या शब्दानंतर बहुतेकदा ‘बाय’ लागतो आणि कारण सांगावं लागतं. इथे कारण मक्याचं.

(छापखाना. हात जवळून.)

लग्नपत्रिकांवर तग धरून असलेला हा छापखाना. काकांना आम्ही हाच शब्द जुळवायला सांगितला. शिशाचे दहा खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं. ‘ई’ तीन, ‘डी’ दोन. उजवा हात न बघता खणांत फिरतोय, डाव्या हातातल्या स्टिकमध्ये (खिळे जुळवायच्या पट्टीत) अंगठा एकेक खिळा दाबून धरतोय. अक्षरं उलटी, पण काकांना ती सुलटीच दिसतात. मधले चार खिळे ‘बोल्ड’. अलीकडे ‘एम’, पलीकडे ‘एन’. दोघांचं काम एकच, ‘तसं करणं’ हा अर्थ देणं. तरी दोन्हीकडून चिकटलेत. ‘एनलाइटन’चीही तीच गत. शेवटी ‘एड’ बसला की विशेषण तयार.

गंमत म्हणजे छपाईत ‘एम्बोल्डन’चा अर्थ अक्षर ठळक करणं. शब्दकोशात शब्द ठळक आणि अर्थ बारीक दिसतो ना? १८४५ साली लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीतून, म्हणजे खिळे ओतायच्या कारखान्यातून, निघालेला ‘क्लॅरेंडन’ हा ठळक टाइप अशा कामी फार चालला.

शब्द मात्र त्याहून जुना. १६११च्या इंग्रजी बायबलात दुसऱ्याला मूर्तीच्या देवळात जेवताना बघून कच्च्या मनाच्या माणसाची भीड चेपते, तिथे हाच शब्द आहे. शेक्सपिअरच्या ‘टिमन ऑफ अथेन्स’मधला सिनेटर म्हणतो, दयेइतकं पापाला दुसरं काहीच धीट करत नाही. आपल्याकडे हे एका म्हातारीवर भागवलंय: ती मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो.

(शिकवणीचा वर्ग. फळा.)

फळ्यावर लिहिलंय, ‘एम्बोल्डन्ड म्हणजे धैर्यवान’. आमचं भांडण इथेच आहे. मराठीत आधी धीर येतो, हुरूप चढतो, भीड चेपते. मग माणूस सोकावतो, शेवटी शेफारतो. दंड झाला नाही म्हणून पुन्हा उलट्या दिशेने गाडी घालणाराही एम्बोल्डन्डच. त्याला धैर्यवान म्हणणार? बातम्यांच्या अनुवादात असे धैर्यवान रोज भेटतात, असो.

आणि ही दुसऱ्या बाकावरची मुलगी. पहिलं इंग्रजी वाक्य तिनं वहीत बघून म्हटलं, वर्गानं टाळ्या वाजवल्या. आता ती पुन्हा उठलीय. वही बाकावर, मिटलेली.