खांबाने मोडावे की गाडीने?

(फोंडा येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

गाडी घेताना हल्ली लोक विचारतात, हिला सुरक्षेचे तारे किती? रस्त्याकडेचा खांब, फलक, क्रॅश बॅरियर यांनाही गाडी ठोकूनच तपासावे लागते, ही गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी निघत नाही. आपण खांब हलवून पाहतो. हलला नाही, की काम चोख झाले म्हणतो. पावसात बांबोळीच्या उतारावर घसरलेल्या गाडीतल्या माणसाला नेमका तो न हलणारा खांबच नडतो.

वेग दुप्पट झाला की गाडीची ऊर्जा चौपट होते, आणि ती कुठेतरी जिरायलाच हवी. खांब वाकत नसेल तर पत्रा वाकणार. पत्र्याची जागा संपली की बरगड्या. म्हणून १९६०च्या दशकात टेक्सासमधल्या संशोधकांनी फलकांचे खांब मुद्दाम सुटतील असे बनवायला घेतले. बुडाशी दोन जाड चकत्या, त्यांतले बोल्ट ठरावीक ताणानेच आवळलेले. गाडी आदळली की वरची चकती सरकते, खांब सुटून वर उडतो आणि गाडी खालून निघून जाते. जमिनीत राहिलेला खुंट १०० मिलिमीटरपेक्षा उंच नको, नाहीतर गाडीचे पोट त्याला अडकते. आणि हाच खांब आषाढातल्या वाऱ्याला मात्र उभा राहिला पाहिजे. कुणी एखादा कर्तव्यदक्ष फिटर ते बोल्ट अंगातला सगळा जोर लावून आवळून ठेवतो, आणि सगळ्या संशोधनावर पाणी पडते.

आता बॅरियर. अमेरिकेत अशा धडक-चाचण्यांची ‘मॅश’ नावाची नियमावली आहे, २००९ची, पुढे २०१६ मध्ये सुधारलेली. महामार्गावरच्या नेहमीच्या बॅरियरची चाचणी तिच्या तिसऱ्या पातळीवर होते: ११०० किलोची छोटी गाडी आणि २२७० किलोचा पिकअप, दोन्ही ताशी १०० किलोमीटर वेगाने, २५ अंशांच्या कोनात. गाडीत चालक नसतो. कप्पीवरच्या दोराने ती ओढत आणतात आणि धडकेच्या जरा आधी मोकळी सोडतात, म्हणजे पुढे जे घडते ते तिचे तिने घडते. दोन गाड्या कशासाठी? पिकअप विचारतो, तू मला अडवशील का? छोटी गाडी विचारते, अडवताना मला मारशील का? अख्खा चिरेबंदी गडगा पहिल्या प्रश्नात कदाचित पास होईल. दुसऱ्याचे काय?

गाडी पलीकडे गेली नाही एवढ्याने निकाल लागत नाही. ती उलटता कामा नये, आणि आतला माणूस गाडीच्या आतल्या भागावर किती वेगाने आदळेल तेही मोजतात. बॅरियरसाठी ही मर्यादा सेकंदाला १२.२ मीटर आहे.

आपल्याकडे बॅरियरसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी:११९ ही मार्गदर्शिका २०१५ पासून आहे. पण चाचणीचा कागद त्या मैदानावर, त्या मातीत, त्या उंचीवर उभारलेल्या वस्तूचा असतो. मॅशमध्ये तर खांब ज्या मातीत रोवायचे तिची ताकद आधी तपासावी लागते. इथे तोच खांब पावसाने फुगलेल्या भरावाच्या कडेला, उताराच्या अगदी टोकावर रोवला, तर तो मुळासकट उपटून येतो. आणि उंची? चवथीच्या तोंडावर हॉटमिक्स डांबराचा थर पडतो, मग वर दुसरा, मग तिसरा. रस्ता चढतो, बॅरियरची आडवी पट्टी आहे तिथेच राहते. अमेरिकेत या पट्टीची उंची ६८६ वरून ७८७ मिलिमीटर केली, ती उंच गाड्या वरून पलटी खाऊ नयेत म्हणून. आपण दरवर्षी उलट दिशेने चाललो आहोत.

या सगळ्या चाचण्या चारचाकींसाठी घडल्या, आणि गोवा चालतो दुचाकीवर. कॉलेजची पोरे, नोकरदार बायका, आमचे पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाले. घसरलेला माणूस पट्टीखालून सरपटत जातो आणि उघड्या खांबावर आदळतो. पट्टी त्याच्या काही उपयोगाची नसते. युरोपात याचीही चाचणी आहे. हेल्मेट घातलेला डमी पाठीवर झोपवून ताशी ६० किंवा ७० किलोमीटर वेगाने, ३० अंशांत सोडतात. उपाय म्हणजे पट्टीच्या खाली आणखी एक पट्टी, जमिनीपर्यंत. महामार्ग ६६च्या वळणांवर ती कुठे आहे का, ते येता-जाता पाहा. माझ्या मते पैसे थोडेच असतील तर आधी वळणाच्या बाहेरच्या बाजूला खर्च करावेत.

शेवटी कुणीतरी चिठ्ठी पाठवली आहे: रस्त्याकडेची झाडे तोडायची का? सरसकट मुळीच नको. पण झाडापुढे बॅरियर लावताना मागची जागा मोजा. धडकेत पट्टी दोरखंडासारखी ताणून मागे जाते. युरोपात धडकेत किती जागा लागते त्यावरून बॅरियरची वर्गवारी करतात; तिच्यातल्या डब्ल्यू-४ या प्रकाराला १.३ मीटरपर्यंत जागा लागते. झाड अर्ध्या मीटरवर असेल तर गाडी पट्टीसकट त्याच झाडावर जाते, आणि ठेकेदाराचे बिल तोवर निघालेले असते. तेव्हा डब्ल्यू-४ न लावता कमी सरकणारा प्रकार मागवा, नाहीतर त्या तुकड्यावर वेगच कमी करा.