फुट्सक्रेचे एकवीस दिवस

(पहाटेचं रिकामं मैदान. वाऱ्याचा आवाज कमी करू नये.)

हा वारा ऐका. मेलबर्नच्या पश्चिमेला, फुट्सक्रे उपनगरात, रेल्वेरुळांच्या कडेला हे मैदान आहे. नाव व्हिटन ओव्हल. जुनी माणसं अजून वेस्टर्न ओव्हलच म्हणतात. पाहुण्या संघांना या वाऱ्याची धास्ती असायची. नाणेफेक जिंकली की आधी वारा पाठीशी घ्यायचा, हे इथलं पहिलं शहाणपण.

खेळ ऑस्ट्रेलियन फुटबॉल. लांबट गोल मैदान, प्रत्येक बाजूला १८ खेळाडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथाडला की ६ गुण, बाजूच्या फटीतून गेला तर १. हातानं चेंडू फेकायचा नाही. एका तळव्यावर धरून दुसऱ्या मुठीनं ठोसायचा. या मुली बघा कशा ठोसतायत. इथल्या फुट्सक्रे क्लबच्या, म्हणजे आजच्या वेस्टर्न बुलडॉग्जच्या, महिला संघानं २०१८ साली विजेतेपद मिळवलं, आणि आता हे मैदान त्यांचं घर आहे.

(बार्कली स्ट्रीट. दुकानांच्या पाट्या, चालती माणसं.)

फुट्सक्रे ही कामगारांची वस्ती. खाटीकखाने, दोरखंडांचा कारखाना, दारूगोळ्याचा कारखाना. नंतर व्हिएतनामी आले, मग आपली माणसं. याच रस्त्यानं पश्चिमेकडे चालत गेलं की आज डोसा मिळतो, मिठाई मिळते. क्लबचा लाल-पांढरा-निळा मफलर मात्र सगळ्यांच्या गळ्यात तोच.

क्लब एकोणिसाव्या शतकातला. १९२४ साली दुय्यम संघटनेतल्या या विजेत्यांनी बड्या लीगच्या विजेत्या एसेंडनला हरवलं. युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांच्या मदतीसाठी तो सामना होता. पुढच्याच वर्षी बड्या लीगचं दार उघडलं.

(कृष्णधवल चित्रफीत, १९५४.)

२५ सप्टेंबर १९५४. मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर अंतिम सामना. चार्ली सटन हा कर्णधार आणि प्रशिक्षकही. जॅक कॉलिन्सचे सात गोल. फुट्सक्रे १०२, मेलबर्न ५१. हा एकवीस वर्षांचा दांडगा पोरगा टेड व्हिटन. मैदानाला पुढे नाव मिळालं ते याचं, आणि दारातला पुतळाही याचाच.

(पत्र्याचा डबा, जवळून. झाकणाला फट.)

आता हा डबा. एका जुन्या पाठीराख्या बाईंच्या घरी, कपाटावर ठेवलेला आम्हाला दिसला. ही फिल्म खरं तर या डब्याचीच आहे.

१९८९ चा ऑक्टोबर. लीगला आता देशभर पसरायचं होतं. सिडनी, ब्रिस्बेन, पर्थला संघ झाले होते आणि मेलबर्नमधले अनेक क्लब कर्जात बुडत होते. हंगाम संपतो न संपतो तोच जाहीर झालं, की फुट्सक्रे आणि मेलबर्नचाच दुसरा क्लब फिट्झरॉय यांचं विलीनीकरण होणार. नवा संघ, फिट्झरॉय बुलडॉग्ज. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वर्गणी भरली, थंडीत कुडकुडत उभे राहिले, त्यांना कुणी विचारलंच नाही. क्लब म्हणजे काय, कार्यालयातल्या चार खुर्च्या? आम्हाला तरी ते मान्य नाही.

मान्य नव्हतं आयरीन चॅटफील्ड यांनाही. क्लबच्या एक साध्या पाठीराख्या. त्यांच्या नावानं दावा दाखल झाला आणि कोर्टानं विलीनीकरण रोखून धरलं. पीटर गॉर्डन हा तरुण वकील लढ्याच्या पुढे उभा राहिला. मुदत मिळाली एकवीस दिवसांची. तेवढ्यात सुमारे १५ लाख डॉलर उभे करायचे, नाहीतर क्लब संपला.

(रविवारची सभा. मैदान भरत जाताना.)

हा तो रविवार. बायका, म्हातारे, खांद्यावर पोरं. कुणाला आमंत्रण नव्हतं.

मग डबे निघाले. चौकात सिग्नलला गाडी थांबली की काचेशी डबा. दारोदार फेऱ्या, दुकानांच्या गल्ल्यांवर डबे. आपल्याकडे मंडळाची पोरं गणपतीची वर्गणी मागत फिरतात, थेट तसंच. माजी खेळाडू रस्त्यावर उतरले. कामगारांनी पगारातून दिलं, पोरांनी खाऊच्या पैशांतून. बाईंनी आमच्यासमोर तो डबा हलवून दाखवला. त्यांच्या हाताकडे बघा.

एकविसाव्या दिवसापर्यंत पैसे उभे राहिले. क्लब वाचला.

फिट्झरॉय वाचला नाही. १९९६ साली तो ब्रिस्बेनच्या संघात विलीन झाला. फुट्सक्रेचं नाव वेस्टर्न बुलडॉग्ज झालं, आणि १९९७ नंतर बड्या लीगचे पुरुषांचे सामने इथून गेले.

(जून १९९५. उघड्या मोटारीत टेड व्हिटन. निवेदन कमीत कमी.)

टेड व्हिटन. कर्करोगानं दृष्टी गेली होती. शेजारी मुलगा. दोन महिन्यांनी ते गेले.

(फक्त मैदानातला आवाज. पंधरा सेकंद.)

(१ ऑक्टोबर २०१६. मेलबर्न क्रिकेट ग्राउंड.)

साखळीत सातव्या क्रमांकावर राहिलेला संघ. पर्थला जाऊन जिंकला, मग गतविजेत्या हॉथॉर्नला हरवलं, मग सिडनीत उपांत्य सामना सहा गुणांनी. अंतिम सामन्याला ९९,९८१ माणसं. समोर सिडनी स्वान्स. शेवटच्या सत्रात लांबून टॉम बॉइडनं लाथाडलेला हा चेंडू. टप्पा खात खात जातोय. गेला.

८९ विरुद्ध ६७. बासष्ट वर्षांनी.

कर्णधार बॉब मर्फी एप्रिलमध्येच गुडघा दुखावून बाहेर बसला होता. प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिज त्याला मंचावर बोलावतात आणि स्वतःच्या गळ्यातलं पदक काढून त्याच्या गळ्यात घालतात. इथे निवेदन नको.

(दुसरा दिवस. पुन्हा व्हिटन ओव्हल.)

दुसरा दिवस, त्या सभेसारखाच, रविवार होता. कप जुन्या मैदानावर आणला. सत्तावीस वर्षांपूर्वी जिथे सभा भरली होती त्याच गवतावर हजारो जमले. गर्दीत काहींच्या अंगावर धुऊन धुऊन विटलेल्या, फुट्सक्रे लिहिलेल्या जर्स्या दिसतील.

(वारा. काळी पट्टी.)