गिरकी सुरू होण्याआधी

(सांगलीत नृत्य शिकणारी मुलं आणि त्यांचे पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

नमस्कार. सांगलीत बोलायचं म्हणजे समोर निम्मी मुलं कथकची असणार, हे धरूनच मी आले आहे. चक्कर तुम्हाला नवीन नाही. पण कथकात टाच जमिनीला धरून असते. बॅलेच्या पिरुएटमध्ये, म्हणजे एका पायावरच्या गिरकीत, ती उचलली जाते आणि सगळा देह एका चवड्यावर येतो. आधाराची जागा एवढीशी उरते.

म्हणून माझं एकच सांगणं आहे. तीन गिरक्या हव्या असतील तर आधी चवड्यावर स्थिर उभं राहायला शिका.

फिरण्याची गती कुठून येते, ते बघा. पाय पुढेमागे ठेवून आपण गुडघे वाकवतो, त्या प्लिएत दोन्ही पाय जमिनीला रेटा देतात. गती मिळते ती तिथेच. मागचा पाय सुटला की नवी गती मिळवायला जवळजवळ काही उरत नाही. हात जवळ घेतले की वेग वाढतो खरा, पण तो आधी कमावलेल्या गतीतूनच. मुलं इथेच घाई करतात. जास्त फिरता यावं म्हणून खांदे मागे पिळतात, मग खांदे आधी जातात आणि कंबर मागे राहते. देह कललेलाच वर चढतो. तळहातावर उभी धरलेली काठी जराशी कलली की पुढे आपोआपच जास्त कलत जाते, तसंच इथे होतं. पहिल्या फेरीत न दिसलेला कल तिसऱ्या फेरीत पाडतो.

यूट्यूबवर तुम्ही बत्तीस फुएते, म्हणजे दुसरा पाय हवेत झटकत एका पायावर घेतलेल्या सलग गिरक्या, पाहिले असतील. १८९५ साली सेंट पीटर्सबर्गला पिएरिना लेन्यानी या इटालियन नर्तकीने ‘स्वान लेक’ या बॅलेमध्ये ते घेतले. तिथे प्रत्येक फेरीला उभ्या पायाची टाच खाली येते, गुडघा वाकतो, जमिनीकडून नवा रेटा मिळतो. पिरुएटला ही सोय नाही. जे घ्यायचं ते सुरुवातीलाच.

सराव असा करा. प्लिएतून सरळ चवड्यावर चढा, दुसऱ्या पायाचा अंगठा गुडघ्याशी आणा आणि चार मात्रा थांबा. न फिरता. ते जमलं की पाव फेरी, मग अर्धी, मग पूर्ण. प्रत्येक वेळी वरच क्षणभर थांबून मगच खाली या. धपकन पडत असाल तर फेऱ्या वाढवू नका. पालकांनीही ‘किती झाल्या?’ असं विचारू नये, मुलं आकड्यामागे धावतात.

नजर एका जागी रोवायची, मान शेवटी सोडायची आणि सगळ्यांत आधी परत आणायची, हे कथकवाल्यांना सांगायला नको. भोवळ येते म्हणून नव्या मुलांनी घाबरू नये. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या २०१३च्या अभ्यासात बॅले नर्तकींचा मेंदू आतल्या कानाच्या संदेशांना कमी दाद देतो, असं आढळलं. ही सवय वर्षानुवर्षांच्या सरावाने लागते.

घरी मोजे घालून गुळगुळीत फरशीवर फिरू नका. तिथे चार फेऱ्या सहज होतात, पण त्या फरशीच्या असतात, आणि गुडघा मात्र तुमचा. चक्कर ज्या बाजूला घ्यायची सवय आहे, तिच्या उलट बाजूने रोजचा सराव सुरू करा, पाय ताजे असतानाच.