‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’

‘कोसला’ची ही जुनी प्रत एका वाचनालयातली आहे. पहिल्याच पानावर कुणा वाचकाने ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ या दोन शब्दांभोवती पेन्सिलीने वर्तुळे काढली आहेत. भालचंद्र नेमाडे यांची ही कादंबरी १९६३ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा लेखक पंचवीस वर्षांचे होते. निवेदक पांडुरंग सांगवीकरही आपले वय तेवढेच सांगतो, मात्र त्याआधी ‘उदाहरणार्थ’ म्हणतो.

वर्गातली ही विद्यार्थिनी ते वाक्य आधी त्या शब्दाशिवाय वाचते आणि मग त्या शब्दासह. पहिल्या वाचनात नुसते वय कळते. पाठ्यपुस्तकात आधी सिद्धांत येतो, मग उदाहरण; इथे सिद्धांत कुठेच नसताना एक माणूस स्वतःलाच उदाहरण म्हणून पुढे करतो. ‘शंभरातील नव्व्याण्णवांस’ ही अर्पणपत्रिका शेजारी ठेवली, की हा शब्द बोलण्याची लकब म्हणून सोडून देता येत नाही, कारण पांडुरंग त्या नव्व्याण्णवांमधला एक म्हणून बोलू लागलेला असतो. ‘वगैरे’चे काम निराळे आहे. एखाद्या प्रतिष्ठित शब्दामागे तो आला, की त्या शब्दाची ऐट उतरते आणि पुढचे सगळे न सांगताच बाजूला सारले जाते. कथानकाचा सारांश लिहून घेणाऱ्या अध्यापनात नेमके हेच दोन शब्द आधी गळतात, आणि त्यांच्यासोबत कादंबरीही हातची जाते.

पांडुरंग शिकताना राहतो तशा वसतिगृहाचा हा लांब व्हरांडा आणि मेसमधली ही टेबले पाहताना कादंबरीची रचना ध्यानात येते. सहा भागांच्या या आत्मनिवेदनात मध्येच रोजनिशी येते. कुठे इतिहाससंशोधनाच्या भाषेचे विडंबन येते, आणि आपलाच काळ उत्खननात सापडलेल्या अवशेषांसारखा दिसू लागतो. घटनांना चढती कमान नाही. दिवस एकापुढे एक पडत जातात, आणि त्यांना जोडून ठेवतो तो केवळ पांडुरंगाचा आवाज.

पांडुरंगाची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते.

अजिंठ्याच्या या लेण्यांमध्ये पांडुरंगही येऊन जातो. पुढे शिक्षण अर्धवट टाकून तो खानदेशातल्या आपल्या गावी परततो, आणि ‘कोसला’नंतरच्या मराठी कादंबरीची भाषा बदलते. सव्विसाव्या लेण्यातली ही महापरिनिर्वाणाची मूर्ती आहे. उजव्या कुशीवर निजलेल्या बुद्धाच्या खाली शोक करणारे शिष्य कोरले आहेत.